ईस्टबोर्नच्या पांढऱ्या वाटा : कुठली घ्यावी, कुठली सोडावी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ईस्टबोर्नजवळ खडूच्या पांढऱ्या टेकड्या आणि समुद्रकडे आहेत, त्यांवरून चालायच्या वाटांबद्दल हे लिहिते आहे. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांना उत्तर आधीच सांगून टाकते. सीफर्ड स्टेशनवर उतरा आणि समुद्रकड्यांवरून चालत ईस्टबोर्नला या. उलट नको. इथला वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो. सीफर्डहून निघालात तर तो पाठीवर असतो, ईस्टबोर्नहून निघालात तर दिवसभर तोंडावर. मी ३१ वर्षं भूगोल शिकवला, वाऱ्यांचे पट्टे मुलांकडून घोकून घेतले आणि पहिल्या खेपेला बरोब्बर उलट्या दिशेने निघाले.

मी साताऱ्याची. अजिंक्यतारा आठवड्यातून चार वेळा चढते, अजूनही. मुलगी लंडनजवळ क्रॉयडनला असते, तिच्याकडे एप्रिल ते जून राहायला होते. तिथून ईस्टबोर्नची थेट गाडी मिळते. फोनवरच्या एका ॲपमध्ये या वाटांपुढे ‘सोपी’ असं लिहिलेलं होतं. मुलगी म्हणाली, “आई, नुसत्या टेकड्या आहेत गं त्या. तुला काय होणार आहे?” समुद्रकड्यांवरचं सगळ्यात उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून १६२ मीटर, हे वाचून मीही हसले होते.

तर ती चूक आधी दुरुस्त करते. इथे माथ्याची उंची बघू नका, चढांची बेरीज करा. आपल्याकडे गड म्हणजे एकदा वर जायचं, एकदा खाली यायचं. इथली वाट चढते, उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. सीफर्ड ते ईस्टबोर्न अंतर २१-२२ किलोमीटर आहे आणि सगळे चढ मिळून ५०० मीटरच्या पुढे जातात. गुडघा चढताना नाही, उतरताना बोलतो. काठी न्या.

या टेकड्यांना इथे ‘डाऊन्स’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी, त्यावरून हे नाव पडलंय. खाली जाण्याशी त्याचा संबंध नाही, हे पहिल्याच चढाला समजतं. साऊथ डाऊन्स वे नावाची लांब पल्ल्याची वाट पश्चिमेला विंचेस्टरपासून निघून १६० किलोमीटरवर ईस्टबोर्नला संपते. २०१० साली या सगळ्या पट्ट्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुंपण, तिकीटखिडकी आणि ‘फुले तोडू नयेत’ येतं. इथे यातलं काही नाही. गावं, शेतं, मेंढ्या, दारूचे गुत्ते सगळं उद्यानाच्या आतच आहे.

आणि डोंगर खडूचा. खरा खडू. वर्गात मी आयुष्यभर हाताला फासला तो बहुतेक जिप्समचा, हा मात्र अस्सल. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची कवचं तळाशी साचून झालेला. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा पांढरा, बोटाने कोरता येईल असा ठिसूळ दगड त्याच्याहून दोनएक कोटी वर्षांनी थोरला आहे. हे मी गाडीत जावयाला सांगितलं, तर तो म्हणाला, “बघा आई, टिकण्याचा आणि टणकपणाचा काही संबंध नाही.” जावई हुशार आहे, फक्त बोलतो कमी.

खडूचा दुसरा गुण चालणाऱ्याच्या फार कामाचा आहे. तो पाणी धरत नाही. पाऊस पडला की पाणी सरळ आत झिरपतं, म्हणून या माथ्यांवर ओढा नाही, झरा नाही. आपल्या गडांवर काळ्या कातळात खोदलेली टाकी असतात, भर एप्रिलमध्येही घोटभर पाणी मिळतं. इथे धनगरांनी गुरामेंढ्यांसाठी खड्ड्यांना चिकणमातीचा थर देऊन तळी केली होती, कारण मातीशिवाय खडूवर पाणी थांबणारच नाही. माणसासाठी वाटेवर पाणी नाही असंच समजा आणि दोन लिटर पाठीवर घ्या.

आता माझी पहिली, फसलेली फेरी. ती आटोपती घेते. एप्रिलच्या शेवटी ईस्टबोर्नच्या समुद्रकाठाने पश्चिमेकडे निघालो. घाट सुंदर आहे, १८७० साली खुला झालेला पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला लांब धक्का आहे, नेपोलियनच्या भीतीने बांधलेला गोल बुरूज आहे, ग्रँड हॉटेल आहे. फ्रेंच संगीतकार देब्यूसीने समुद्रावरची आपली प्रसिद्ध रचना १९०५ साली याच हॉटेलात मुक्कामी असताना पुरी केली. गाव जिथे संपतं तिथे एक हिरवा चढ भिंतीसारखा समोर उभा राहतो. साऊथ डाऊन्स वेची ही शेवटची, आमच्यासाठी पहिली पायरी. पहिली पंधरा मिनिटं तोंडातून शब्द निघत नाही. नंतर बीची हेडपर्यंत वाट सरळसोट आहे. या नावात ‘बीच’ नाही, बरं का. जुन्या फ्रेंचमधल्या ‘सुंदर भूशिर’ या अर्थाच्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे. ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा समुद्रकडा तो हाच. खाली पाण्यात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह इतकं खेळण्यासारखं दिसतं की आपण किती वर आहोत ते त्यावरूनच कळतं. १९०२ पासून ते तिथे उभं आहे. मध्यंतरी पट्ट्यांचा रंग विटला आणि पुन्हा रंगवायला दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेकडे पैसा नव्हता, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून २०१३ साली तो रंगवून घेतला. वर्गणी काढून देवळाला रंग देणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटेल.

कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्स याची रक्षा १८९५ साली याच कड्यापुढच्या समुद्रात सोडली गेली. त्याला ईस्टबोर्न फार आवडायचं. कड्यावर मदतीच्या फोन क्रमांकाची पाटी आहे आणि स्वयंसेवक गस्त घालत असतात. का, ते न विचारता समजतं. आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही.

बीची हेडच्या पुढे वाऱ्याने आम्हाला अक्षरशः उभं धरलं. डोळ्यांतून पाणी, ओढणी तोंडावर, बोललेलं एकमेकांना ऐकू येईना. बर्लिंग गॅपला पोचेपर्यंत मुलगी आणि मी दोघीही गप्प झालो होतो, आणि आमच्या घरात हे सहसा होत नाही. तिथून किनारा सोडून दीड-दोन किलोमीटर आत ईस्ट डीन गावी गेलो आणि बस पकडली. एवढ्यावरून फेरीला नावं ठेवू नयेत. ईस्टबोर्न ते बीची हेड आणि परत, एवढीच दहाएक किलोमीटरची फेरी अर्ध्या दिवसात छान होते. लहान मुलं किंवा सासूबाई बरोबर असतील तर हीच करा. पण सेव्हन सिस्टर्स, म्हणजे ओळीने उभ्या सात पांढऱ्या टेकड्या, पाहिल्याचं समाधान त्यात नाही.

मेअखेर पुन्हा आलो, या वेळी शहाण्यासारखे. ल्यूइसला गाडी बदलून सीफर्ड. साडेनऊला चालायला लागलो. सीफर्ड हेडचा पहिला चढ लांब पण सभ्य आहे. माथा ओलांडून खाली उतरताना जे समोर येतं ते तुम्ही दिनदर्शिकेवर नक्की पाहिलेलं असणार : पुढ्यात तटरक्षकांची जुनी कौलारू घरं, पलीकडे नदीचं मुख आणि त्याच्यामागे एकापुढे एक उभे पांढरे कडे. खूप जण एवढा फोटो काढून परत जातात. त्यांच्यावर रागवू नये, पण त्यांनी ते डोंगर फक्त पाहिले.

इथे नवखा माणूस हमखास फसतो, आम्हीही फसलो. समोरचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो, मध्ये ककमिअर नदी, आणि मुखाशी पूल नाही. पूल आत, एक्सीटला. म्हणजे नदीच्या या काठाने दोनेक किलोमीटर आत जायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने तेवढंच परत यायचं. ॲपवर ही वाट दिसत होती, पण ती रेघ आमच्या मनाने मानलीच नाही. ओहोटीला पाणी कमी दिसलं तरी आत पाय घालू नका. प्रवाहाला ओढ असते. खरं म्हणजे हा वळसा मला शिक्षा वाटलाच नाही. कारण ही ककमिअरची वळणं! नागमोडी वळण आणि नालाकृती सरोवर हे मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याला गणती नाही, आणि इथे ते अख्खं हिरव्या कुरणावर काढून ठेवलेलं होतं. गंमत म्हणजे नदी आता त्या वळणांतून वाहतच नाही. १८४० च्या दशकात पुरावर उपाय म्हणून शेजारून सरळ कालवा काढला, तेव्हापासून वळणं नुसती पाणी भरून पडलेली आहेत. मी पुलावर उभी राहून मुलीला हे सगळं समजावलं. शेजारचं एक इंग्रज जोडपं मराठी कळत नसतानाही थांबून ऐकत होतं. वर्गाची सवय जात नाही.

एक्सीटला जुन्या गोठ्यांच्या इमारतींत माहितीकेंद्र आहे, चहा मिळतो, आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह आहे. बायकांनी हे नीट लक्षात ठेवा : यानंतर थेट बर्लिंग गॅप. मधल्या सात टेकड्यांवर आडोशाला झुडूपसुद्धा नाही. पुरुष परीक्षण लिहितात त्यात हा मुद्दा कधीच नसतो.

मग त्या सात जणी. हेवन ब्राऊ, शॉर्ट ब्राऊ, रफ ब्राऊ, ब्रास पॉइंट, फ्लॅगस्टाफ पॉइंट, बेलीज हिल, वेंट हिल. पहिलीच सगळ्यात उंच, ७७ मीटर, म्हणून तिने घाबरवलं तरी पुढच्या तिच्यापेक्षा धाकट्या आहेत. तरीही चौथीनंतर मोजणं चुकतं. मध्ये एक छोटासा उंचवटा आहे तो आठवा धरायचा की नाही यावर आम्ही दोघी भांडलो. या टेकड्या म्हणजे मुळात टेकड्या नाहीत, हे ध्यानात घेतलं तर चढताना तेवढंच मन रमतं. हिमयुगात जमीन गोठलेली होती, खडूला पाणी पिता येत नव्हतं, तेव्हा वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने इथे दऱ्या कोरल्या. पुढे थंडी सरली, पाणी पुन्हा आत झिरपायला लागलं आणि दऱ्या कोरड्या पडल्या. समुद्राने नंतर सुरीने केक कापावा तशा त्या आडव्या कापल्या. आपण त्या कापाच्या काठावरून दरीत उतरतो आणि दुसऱ्या बाजूने चढतो, सात वेळा.

पायाखाली मेंढ्यांनी कुरतडून गालिचा केलेलं गवत. त्यावर चालण्यासारखं सुख नाही, तळव्यांना उशी लागल्यासारखं वाटतं. डोक्यावर चंडोल एका जागी फडफडत गात राहतात, दिसत नाहीत. पण रात्री पाऊस होऊन गेला असेल आणि वाट उघड्या खडूची असेल तर पाय जपून. ओला खडू शेवाळलेल्या पायरीसारखा निसटतो. तिसरीच्या उतारावर मी बसले, म्हणजे पडलेच, आणि पुढचा दिवसभर मागून पांढरी राहिले.

कड्याच्या कडेला कठडा नाही. हे वाचून दचकू नका, पण विसरूही नका. कडेपासून निदान पाच मीटर आत चाला, असं तिथले फलकच सांगतात. कारण साधं आहे : लाटा कडा खालून पोखरतात आणि वरचा भाग पुढे छज्जासारखा अधांतरी राहतो. त्यावर उभ्या असलेल्याला खाली काय उरलंय ते दिसत नाही. मोठमोठे ढलपे आगाऊ सूचना न देता कोसळतात, आणि कोसळत राहतात म्हणूनच हे कडे इतके पांढरे आहेत, नाहीतर एव्हाना गवताने हिरवे झाले असते. तिथे चार तरुण पोरं अगदी टोकावर उड्या मारून फोटो काढत होती. माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला, मराठीतच : “ए! मागे व्हा!” चारही मागे झाली. भाषा कुठलीही असो, त्या आवाजाचा अर्थ कळतो.

बर्लिंग गॅपला नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेचं उपाहारगृह आहे आणि खाली किनाऱ्यावर जायला लोखंडी जिना. तो कधीकधी बंद असतो, उघडा असेल तर अवश्य उतरा. खालून पांढऱ्या भिंतीत काळ्या गारगोट्यांच्या आडव्या रेघा दिसतात, वहीच्या पानासारख्या. त्याच गारगोट्या पुढे किनाऱ्यावर गोटे होऊन पडतात आणि त्याच गारगोट्यांच्या भिंतींनी इथली घरं आणि चर्चं बांधलेली आहेत. वाळू मात्र मनात धरून जाऊ नका. भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय कड्याखालून लांब चालत जाऊ नका, पाणी वाट अडवतं. जिन्याशेजारी तटरक्षकांच्या घरांची ओळ होती, समुद्र सरकत आला तशी त्यातली काही पाडावी लागली. चहाबद्दल सांगायचं तर कागदी पेल्यात, पिशवी बुडवलेला, दूध थंड. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, म्हणून निभावलं.

पुढच्या चढावर बेल टूटचं जुनं दीपगृह लागतं. १८३० च्या दशकातलं. कडा झिजत झिजत त्याच्या दारापर्यंत आला, तेव्हा १९९९ साली अख्खी इमारत उचलून रुळांवरून १७ मीटर मागे सरकवली. आता तिथे पाहुणे राहतात. मी दाराशी उभी राहून कडेपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं आणि आमच्या वाड्याच्या भिंतीला गेलेल्या चिरेवरून दोन भावांत किती वर्षं वाद चालला ते आठवलं.

बीची हेडचा शेवटचा चढ सगळ्यात लांब, आणि तो दमलेल्या पायांनी करायचा. या वेळी वारा मागून ढकलत होता. ईस्टबोर्नच्या पायथ्याला साडेसहाला उतरलो, थांबे धरून नऊ तास. मेअखेर उजेड रात्री नऊपर्यंत असतो, घाई करू नका. दम गेला तर एक्सीट आणि ईस्ट डीन दोन्हीकडे १२ क्रमांकाची ईस्टबोर्न-ब्रायटन बस मिळते. ही बस या वाटेचा खरा आधार आहे.

आतल्या बाजूची वाट, जेव्हिंग्टनवरून ऑलफ्रिस्टनला जाणारी, गर्दीचा कंटाळा असलेल्यांसाठी. १२-१३ किलोमीटर. ती आम्ही ढगाळ दिवशी केली. समुद्र पाठीमागे राहतो, वाट शेतांतून आणि झाडीतून जाते, दोन तासांत सहा माणसं भेटली. खासगी शेतातून जाताना मला आधी चोरट्यासारखं वाटत होतं. पण इथे पायवाटेचा हक्क कायद्याने राखलेला असतो. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही, आणि ओकच्या फळाचं चिन्ह म्हणजे राष्ट्रीय पदमार्ग. शेतकऱ्याने पीक घेतलं तरी वाट मोकळी ठेवायची, आपण फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. एवढं पाळलं की कोणी हटकत नाही. बांधावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे बघूनच बरं वाटेल.

जेव्हिंग्टनच्या चर्चचं फाटक बघा. मधोमध खुंटावर फिरतं, ढकललं की दोन्ही बाजूंनी जागा होते. अशी फाटकं या ससेक्स परगण्यातच आहेत, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. केळं, टॉफी आणि सायीचा बॅनॉफी पाय याच गावातल्या एका खानावळीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मला. खानावळ आता बंद आहे, भिंतीवर निळी पाटी तेवढी उरली. शिकरणीवर वाढलेल्या माणसाने पाटीला नमस्कार करायला हरकत नाही. विल्मिंग्टनच्या डोंगरउतारावर दोन काठ्या धरलेली सत्तरएक मीटर उंचीची मनुष्याकृती आहे, पण आपली वाट नेमकी तिच्या डोक्यावरून जाते आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. बघायची तर खाली गावात उतरावं लागतं. ऑलफ्रिस्टनला जुनं पाद्रीघर आहे, नॅशनल ट्रस्टने १८९६ साली १० पौंडांना घेतलेली पहिली वास्तू. ही वाट चांगली आहे, पण थोडक्या सुट्टीत दूरवरून येणाऱ्याने आधी समुद्राकडचीच घ्यावी.

आणि एक वाट ईस्टबोर्नची नाही, पण याच डोंगररांगेत, ब्रायटनच्या मागे. ती जावयाने दाखवली. पॅचम गावाच्या कडेने बगलरस्त्याचा आवाज ऐकत चढायला लागायचं. गाडी वरपर्यंत जात नाही. चढ सौम्य आहे, कुरणातून जातो, आणि एका वळणावर हिरव्या उतारावर पांढरा संगमरवरी घुमट दिसतो. त्याचं इंग्रजीतलं नावही ‘छत्री’ असंच आहे. वानवडीची शिंद्यांची छत्री ज्यांनी पाहिली आहे त्यांना अर्थ सांगायला नको. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या १२,००० हून अधिक हिंदी सैनिकांवर ब्रायटनच्या रुग्णालयांत उपचार झाले, त्यातलं एक रुग्णालय राजवाड्यातच होतं. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत त्यांतल्या ५३ जणांना इथे, या डोंगरावर, अग्नी दिला. जिथे चिता रचल्या तिथे आता ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. स्मारकाचा आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने केला आणि १९२१ साली त्याचं अनावरण झालं. नावं मात्र तेव्हा कोरली नव्हती. ती २०१० साली शेजारच्या वेगळ्या शिळेवर आली.

आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. जावयाने टोपी काढली. मी चष्मा पुसून पहिल्या नावापासून वाचायला सुरुवात केली, हजेरी घेतात तशी, मोठ्याने. ५३ नावांना दहा मिनिटं लागली. परतीची वाट उताराची आहे. पॅचमच्या बसथांब्यापर्यंत पाऊण तास धरा, आणि गुरं सोडलेली असतील तर कुरणाच्या कडेकडेने चाला.